धौच्या खोडावरचं नख

कृष्णाबाई भीमाशंकरकडच्या महादेव कोळ्यांच्या. नवरा शहाजी फौजेत, म्हणून बिऱ्हाड दिल्ली कँटोन्मेंटात. तो पेन्शनीत निघाल्यावर गुडगावला. सत्त्याण्णव साल होतं. शेतं विकली जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांतल्याच एका कंपनीतल्या हरीशसाहेबांकडे बाई स्वयंपाक करत. अक्षरओळख नव्हती, पण झाडांच्या बाबतीत त्या भल्याभल्यांची बोलती बंद करत.

जवळच्या डोंगरावर गुर्जरांची बनी होती, देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही. बाईंच्या गावच्या देवराईचा नेमही हाच, त्यामुळे बकऱ्या राखणाऱ्या हरबतीशी त्यांचं पहिल्याच भेटीत जमलं. धौची, म्हणजे आपल्या धावड्याच्या जातीतल्या झाडाची, ओळख हरबतीनंच करून दिली. बकरी खात राहिली तर हे झाड जमिनीसरपट पसरतं, मोकळं सोडलं तर उंच होतं. म्हणून बनीत बकरी जाऊ द्यायची नाही.

मे महिन्यात हरीश फोनवर म्हणाला, "सोमवारी बनीच्या डोंगरावरची सुकलेली झाडं काढून टाका. खुणेला चुना मारलाय. मग कंपनीतर्फे प्लांटेशन करू."

वृक्षारोपणासाठी झाडं तोडायची कल्पना फक्त ऑफिसातच सुचते! बाईंची तव्यावरची पोळी करपली. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा ठेकेदारानं गावची देवराई कापली होती आणि त्या गप्प राहिल्या होत्या. ते त्यांना आजवर सलत होतं.

"साहेब, ती मेलेली नाहीत. धौ उन्हाळ्यात पानं गाळतो, पावसात पुन्हा फुटतो."

"मावशी, एकालाही पान नाही. बिल्कुल सुकलीत."

"मला कामावरून काढा, पण आधी चला."

डोंगरावर बाईंनी चुना मारलेल्या खोडावर नख ओढलं. सालीच्या आत हिरवं, म्हणजे जिवंत. दुसरं, तिसरं, तेच. मग हरीश स्वतः नख ओढत सुटला. दहाव्या झाडाशी त्यानं रुमालानं चुना पुसला.

"सोमवारचं काम कॅन्सल. पण मावशी, गेल्या वर्षी पलीकडच्या डोंगरावरची अशीच चारशे तोडली मी. बक्षीस मिळालं त्याचं."

बाईंना त्याची कीव आली नाही, संतापच आला.

"मुळं उपटलीत?"

"नाही, वरून कापली."

"मग बुंध्यातून फुटतील. बकऱ्या आवरायला हव्यात. बक्षीस घेतलंत ना? आता राखण करा."

बाई हरबतीच्या घराकडे निघाल्या आणि हरीश त्यांच्यामागून चालू लागला.