'आती हूँ' म्हणाले, एवढंच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, त्यामुळे आता तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही. पण घडलं ते घडलं.

नव्वदीची सुरुवात. मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही दिल्लीला लागून असलेल्या फरीदाबादला नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर... दोन खोल्या, आणि पाण्याची रोजची बोंब. माझी कॉलेजची मैत्रीण वैशालीही लग्न होऊन दिल्लीतच. तिच्या नवऱ्याचा एक्सपोर्टचा धंदा त्या दिवसांत असा काही फळफळला, की त्याने जुन्या दिल्लीत चावडी बाजारामागच्या गल्लीत एक जुनी हवेली घेतली आणि झकास दुरुस्त करून घेतली. तिने मला जेवायला बोलावलं.

गेले, आणि माझा जळफळाट झाला. स्पष्टच सांगते. मधला चौक, कमानी, दगडी जाळ्या, वरच्या खोलीत रंगीत काचांतून फरशीवर पडलेलं ऊन! वैशाली म्हणत होती, "मेन्टेनन्स फार आहे यार," आणि मला तिला कडकडून चिमटा काढावासा वाटत होता. हिला कॉलेजात धड रांगोळीही काढता यायची नाही!

निघताना ती टॅक्सीला फोन करायला गेली. माझी पर्स त्या रंगीत काचांच्या खोलीत राहिली होती, ती घ्यायला मी वर गेले. दिवाणावर एक वयस्कर बाई मटार सोलत बसली होती.

"जा रही हो?" तिने विचारलं.

आपण निघताना 'जाते' म्हणत नाही ना, 'येते' म्हणतो. तेच तोंडातून हिंदीत गेलं — "आती हूँ."

तिचा चेहरा खुलला. "हाँ हाँ, आ जाओ. यहीं रहना." आणि सरकून तिने दिवाणावर जागा केली. मी हसून निघाले.

खाली वैशालीला विचारलं, "वरच्या माताजी कोण गं?"

"कुठल्या माताजी? घरात आपण दोघीच तर आहोत."

शेजारच्या गच्चीवरून कुणी आलं असेल, असं म्हणून मी विषय सोडला.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन. "काल आलीस आणि न बोलताच वर जाऊन बसलीस? चहा घेऊन आले तर गायब!"

आदल्या दिवशी मी फरीदाबादमध्येच, टँकरच्या रांगेत भांडत होते. तिला पटेना. "बिल्कुल तूच होतीस. हिरवी प्रिंटेड साडी." ती साडी तर माझ्या कपाटात घडी करून ठेवलेली.

मग हे होतच राहिलं. एकदा ती फोनवर हळू आवाजात म्हणाली, "तू... म्हणजे ती, काही त्रास देत नाही गं. उन्हात मटार सोलत बसते. इतकी खूश मी तुला कधीच पाहिली नाही." मग म्हणाली, "खरं सांग, तुला माझं घर हवंय का?"

"काहीतरीच काय!" मी म्हणाले.

"मग ये आणि तिला घेऊन जा ना."

मी गेले नाही. भीतीमुळे नव्हे... तिला तिथून उठवायला माझं मन होईना. वैशालीचे फोन बंद झाले, मैत्रीही तिथेच संपली.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. वैशालीचा हेवा तर कधीच संपला. पण बाल्कनीत कपडे वाळत घालताना मनात येतं, ती आत्ताही तिथे बसली असेल, त्या उन्हात, माझा चेहरा घेऊन. आणि मग जो हेवा वाटतो ना, तसा मला वैशालीचाही कधी वाटला नव्हता.