पणजीला न पडलेलं स्वप्न

माझी पणजी खोटं बोलली होती.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, तिच्या पुण्यतिथीला, मी इथे लिहिलं होतं की तिने मिठागरावरच्या बायकांना लसीचं महत्त्व "समजावून सांगितलं", आणि सगळ्यांनी पोरांना देवीची लस टोचून घेतली.

तुम्ही भरभरून लाइक्स दिलेत. कुणी तरी तिला "गावची पहिली हेल्थ वर्कर" म्हटलं. मला ते फार आवडलं होतं.

ते चूक होतं. तिने काहीच समजावलं नव्हतं.

मी घरातली पहिली शिकलेली. नर्स झाले. मला वाटलं, समजावूनच होत असणार सगळं.

परवा कोळंबी सोलताना ती पोस्ट आजीला वाचून दाखवली. आजी म्हणजे पणजीची मुलगी. वहिनीही शेजारी होती.

आजी हसायलाच लागली. "समजावलं? कुनाला गो? ऐकनारं कोन व्हतं?"

गोष्ट १९३०च्या दशकातली. उरणजवळचं आमचं गाव. टोचणारा सरकारी माणूस आला की बाया पोरांना मिठाच्या राशीमागे लपवायच्या. टोचलं तर देवी कोपते म्हणायच्या.

आदल्या साली पणजीचा थोरला मुलगा देवीच्याच रोगाने गेला होता.

टोचणारा येणार होता त्या सकाळी ती विहिरीवर सगळ्यांना म्हणाली, "रात्री देवीआई आली सपनात. बोलली, ज्या पोराच्या दंडाव माझी खून नाय, त्याच्या घरी मी येनार."

दुपारपर्यंत अख्खं गाव रांगेत.

"मी बोलले, आये, तू तं रातभर जागीच व्हतीस," आजी सांगत होती. "असा चिमटा काढला तिनं मना!"

आम्ही तिघी हसलो. मग आजीने पुढचं सांगितलं.

शेजारच्या सोनीचा मुलगा त्या दिवशी मामाकडे होता. त्याला टोचायचं राहिलं. पुढे त्याला देवी आल्या आणि तो गेला.

बायका म्हणाल्या, खूण नव्हती ना. सोनीनेच आईचा शब्द मोडला.

तिच्याशी कुणी बोलेना. पणजी रोज तिच्या दारात पाण्याचा हंडा ठेवून यायची. पण स्वप्न खोटं होतं, हे तिने सोनीला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या खेपेला कुणी पोर पुढे केलं नसतं.

"मग काय करायचं व्हतं तिनं?" आजीने मलाच विचारलं.



त्याचं उत्तर मला लवकर हवंय. कारण वहिनी.

वहिनीला एक गाठ आहे. (तिला विचारूनच लिहितेय. "लिही, पन कुठं हाय ते नको लिहू," म्हणाली.) गणपतीच्या आधीपासून आहे. मी चार्ट दाखवले, व्हिडिओ दाखवले, बायोप्सी म्हणजे काय ते सांगितलं.

"झालं का लेक्चर? भात करपेल माझा."

काल पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "तुझ्या पनजीसारखं सपान पडू दे तुला. आई बोलली जा, तर जाईन."

ती गोष्ट तिने माझ्यासोबतच ऐकली होती. मी सांगेन ते खोटंच असेल, हे तिला माहीत आहे. तरी मागतेय. निर्णय दुसऱ्या कुणी तरी घ्यावा, एवढंच हवंय तिला.

आजी कानाशी येऊन म्हणाली, "बोल ना पडलं म्हनून. तुझं काय जातंय?"

ओठांपर्यंत आलं होतं.

पण रिपोर्ट वाईट आला तर? स्वप्न खोटं हे माहीत असूनही, आई का कोपली, माझं काय चुकलं, हेच वहिनी विचारत बसेल. सोनीसारखी.

मी म्हटलं, "नाही पडलं स्वप्न. मला भीती वाटते वहिनी, तू असेच दिवस काढत राहशील याची."

"मना पन वाटते," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग जोरजोरात भांडी घासत बसली.

तपासायला येते असं अजून म्हणालेली नाही.

मी बरोबर केलं का? पणजीच्या खोट्याने पोरं जगली. माझ्या खऱ्याने अजून कुणी रिक्षात बसलेलं नाही.

पणजी, गेल्या वर्षी तुझं अर्धंच लिहिलं होतं. आज सगळं लिहून तुला नमस्कार करते.

सर्जनची ओपीडी गुरुवारी असते. या गुरुवारी सकाळी मी वहिनीच्या दारात रिक्षा घेऊन उभी राहणार आहे.