साडूंची सकाळची आंघोळ

आमच्या साडूंइतका निर्मळ मनाचा आणि इतक्या उशिरा आंघोळ करणारा माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात सापडणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी सूर्य मावळायच्या आत अंगावर पाणी घेतलं नाही. स्वतःच्या लग्नालाही गोरज मुहूर्त मागून घेतला. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला सगळं घर देवळात जाई, हे बाहेर चपला राखत. कोणी नाक मुरडलं की म्हणत, "सकाळी आंघोळ केली त सरकारचं रेकॉर्ड खरं होते ना बाप्पा!"

फौजेत असताना, बर्फातल्या चौकीवर दारूगोळ्याची पेटी चढवताना ते घसरले आणि गुडघा कायमचा गेला. कागदावर मात्र 'सकाळी आंघोळीला जाताना पडला' अशी ओळ होती. दुखापतीचा नोकरीशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. ते दर अर्जात लिहीत, 'साहेब, तिथे बर्फ वितळवून चहा व्हायचा, आंघोळ कोण करतो?'

ती ओळ मी लिहिली होती. मी त्याच तुकडीचा कारकून. कामावरची दुखापत म्हटलं की चौकशी बसणार, माझी रजा रद्द होणार. आणि माझं लग्न नऊ दिवसांवर आलेलं. पुढे मन खाऊ लागलं, तेव्हा मेहुणीचं स्थळ त्यांना सुचवलं आणि फिटलं असं मानून गप्प बसलो.

यंदा अखेर सुनावणीत उभा राहिलो आणि शपथेवर सगळं सांगितलं. "चौकीवर आंघोळ शक्य होती का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. म्हणालो, "साहेब, चार महिने आम्ही एकमेकांना वासावरून ओळखत होतो." निकाल साडूंच्या बाजूने लागला. त्यांनी अधिकाऱ्यांना, शिपायाला आणि दारातल्या कुलरलाही कडक सलाम ठोकला.

निकालाचा कागद हाती आला त्या सकाळी सातलाच त्यांनी अंगणात आंघोळ केली. गल्ली पाहायला जमली होती. मग आम्ही कळंबला गेलो. या वेळी चपला राखत मी बाहेर थांबलो.

"भाऊ, तुम्ही काहून थांबले?"

मी हातातल्या चपलांची धूळ झटकत राहिलो.

"अक्षर तुमचं होतं, हे मले पहिल्याच नकाराच्या वेळी समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो त तुमची साळी मले देली असती काय?"

त्यांनी माझ्या हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि दंडाला धरून मला आत नेलं. तिथल्या पायऱ्या खोल उतरतात. प्रत्येक पायरीला त्यांचा गुडघा कट्कन वाजत होता. ते मात्र हळूच म्हणत होते, "एक, दो, एक..." मी पाऊल जुळवत राहिलो.