आश्विनातल्या विजा

आम्ही परळ सोडून मीरा रोडला राहायला गेलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझा भाऊ चार वर्षांचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नया नगरच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता संपून मातीचा सुरू व्हायचा, तिथे आमची चार मजली इमारत होती आणि आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून थेट मिठागरं दिसायची. पाण्याचे चौकोन, त्यांच्यामधून गेलेले मातीचे बांध आणि पार लांब खाडीकाठची तिवरं. मे महिन्यात आलो तेव्हा आईला ही खिडकी फार आवडली होती. एवढा वारा परळच्या खोलीत तिला कधी मिळाला नव्हता. ऑक्टोबर लागला आणि त्या खिडकीशी तिचं बिनसलं.

पाऊस परतीला लागला होता. सकाळचं ऊन इतकं कडक की वाळत घातलेल्या चादरी तासाभरात पापडासारख्या व्हायच्या. दुपारी वारा पडायचा. अंगाला कपडा चिकटायचा, मिठागरात साचलेल्या पाण्याचा उग्र वास घरात भरायचा. मग तीनच्या सुमाराला पूर्वेकडे, काशिमिऱ्याच्या डोंगरांवर ढग चढायला लागायचे. जुलैतल्यासारखे आभाळभर पसरलेले नव्हेत. हे एकावर एक रचत जायचे, वर कापसासारखे पांढरे आणि बुडाशी काळेशार. चार-साडेचारला आमच्या डोक्यावर यायचे. पाऊस थोडाच पडायचा, विजा मात्र खूप.

आई विजांना घाबरायची. घाबरायची म्हणजे किंचाळायची वगैरे नाही. पहिला ढग दिसला की ती हातातलं काम ठेवायची. टीव्हीचा प्लग काढायची, अँटेनाची वायर काढून खिडकीबाहेर टाकायची, मिक्सर, इस्त्री, फ्रिज, एकेक करून सगळे प्लग काढायची. खिडक्या लावायची. मग आम्हा दोघांना मधल्या खोलीत सतरंजीवर बसवून स्वतः आमच्यासमोर बसायची. नळाला हात लावायचा नाही, ग्रिलला हात लावायचा नाही. ढग डोंगरावरून निघून समुद्राकडे जाईपर्यंत तासभर आम्ही तसे बसायचो. बंद खोलीत घामाच्या धारा लागायच्या. वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत आईचे ओठ हलायचे. ती आकडे मोजायची. आकडे कमी होत गेले, म्हणजे वीज जवळ येत गेली, की मी सतरंजीची कड मुठीत धरायचे.

बाबा फोर्टात नोकरीला होते, आठच्या आत घरी यायचे नाहीत, त्यामुळे त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. फ्रिजमधलं दूध नासलं की ते हसायचे. पण मी एकदा खोदून विचारलं तेव्हा त्यांनीच मला सांगितलं. आईचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, कोकणात भातकापणी चालू असताना असाच आश्विनात गेला होता. सर आली म्हणून तो बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली उभा राहिला आणि वीज त्याच झाडावर पडली. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. त्याच्यासाठी भाकरी घेऊन ती शेताच्या कडेपर्यंत पोचली होती. तिने ते समोर पाहिलं.

हे कळल्यावर मी तिला चिडवणं सोडलं. पण त्या दिवसापासून भीती माझ्यातही शिरली. शाळेत गणिताच्या तासाला माझं लक्ष पूर्वेकडच्या खिडकीत असायचं.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. आमची सहामाही परीक्षा चालू होती आणि त्या दिवशी शेवटचा पेपर होता. शाळा भाईंदरच्या बाजूला. घरी यायला दोन वाटा होत्या. एक रस्त्याने, लांबची, जिच्यावरून मी रोज यायचे. दुसरी मिठागराच्या बांधावरून, अर्ध्या वेळेची. बांधावरून यायचं नाही, असं आईने मला शपथेवर बजावलं होतं. पेपर सुटला तेव्हा तीन वाजले होते आणि ढग अर्ध्या आभाळात आले होते, रोजच्यापेक्षा तासभर लवकर. मी विचार केला, बांधावरून पळत गेले तर पावसाआधी घर गाठेन.

निम्म्या वाटेवर पोचले आणि वारा एकदम थांबला. पाण्याच्या चौकोनांत ढग उलटे दिसत होते. खाली काळं, वर काळं आणि मधे मी, शाळेच्या निळ्या पिनाफोरमध्ये. जवळपास माझ्याहून उंच काहीच नव्हतं. मग वारा आला तो धूळ आणि पाणी घेऊनच. पहिली वीज डोंगरावर पडली. मी मोजायला लागले. सातपर्यंत पोचले.

बरंच पुढे बांधावर, खाडीकाठी वाढते त्या रानातल्या भेंडीचं एक मोठं झाड होतं. पावसाळ्यात फुटलेले बांध लिंपायला गावातलं एक आगरी जोडपं आलं होतं, ते त्या झाडाखाली उभं होतं. बाईने मला हाक मारली, "ये गो पोरी, झाडाखाली ये. भिजशील."

विजेत झाडाखाली जायचं नसतं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आईने ते पन्नास वेळा सांगितलं होतं. पण मोकळ्यावर एकटीने उभं राहण्यापेक्षा मला माणसं हवी होती. मी गेले. बाईने आपल्या पदराचं टोक माझ्या डोक्यावर धरलं.

तेवढ्यात आमच्या इमारतीच्या दिशेने कोणीतरी धावत येताना दिसलं. ती आई होती. खिडकी लावताना तिने बांधावरचा माझा निळा गणवेश पाहिला होता. भावाला समोरच्या घरात सोडून ती तशीच खाली उतरली होती. चपला चिखलात अडकल्या असणार, कारण ती अनवाणी होती. झाडापासून वीसेक पावलांवर येऊन ती थांबली. पुढे तिला येववेना. तिने पाऊल उचललं आणि परत ठेवलं, हे मला स्पष्ट दिसलं.

"बाहेर ये," ती म्हणाली. "झाडाखालून बाहेर ये."

आगरी बाई म्हणाली, "अगो बाय, पाऊस हाय. पोर हितं हाय, भ्यायचं कारन न्हाय."

आईने तिच्याकडे पाहिलं. ओरडून नव्हे, पण वाऱ्यावरूनही ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझा भाऊ असाच उभा होता."

बाईने मला एका हाताने धरलं, नवऱ्याला दुसऱ्या हाताने ओढलं आणि आम्ही तिघे बाहेर आलो. आईने सगळ्यांना बांधाच्या उतारावर, सखल जागी उकिडवं बसायला लावलं. पाय जुळवून, मान खाली, एकमेकांपासून अंतर ठेवून. तो उंचापुरा माणूसही मुकाट बसला. आई माझ्यापासून दोन हातांवर होती. तिला मला जवळ घ्यायचं होतं आणि तिने ते केलं नाही. आकडे पाचावर आले, तीनावर आले. मग मोजायला काही उरलंच नाही. उजेड आणि आवाज एकाच वेळी आले. माझे दात आपोआप एकमेकांवर आपटले.

झाडाला काही झालं नव्हतं. ते तसंच उभं होतं. आईने मान वर केली आणि इमारतीकडे पाहिलं. आमच्या गच्चीवरून करडा धूर निघत होता.

"बाळ," एवढंच ती म्हणाली आणि ताठ उठून धावत सुटली. विजा चालूच होत्या. मी तिच्या मागे धावले. मला त्या वेळी विजेची भीती वाटली नाही. आईच्या तोंडून आलेला तो एक शब्द मला विजेपेक्षा भयंकर वाटला होता.

समोरच्या घरात एक गुजराती आजी राहायच्या. त्यांना सगळे बा म्हणायचे. आई गेल्यावर भाऊ रडायला लागला, म्हणून बांनी त्याला मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं होतं. तिथून आई दिसते म्हणून. गच्चीवरच्या अँटेनांवर वीज पडली, वरच्या मजल्यावरच्या दोन घरांचे टीव्ही फुटले, त्यातला एक बांचा. पाण्याच्या टाकीला तडा गेला. भाऊ कट्ट्यावरून आत जमिनीवर फेकला गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो बांच्या मांडीवर होता, डोळे उघडे, रडत नव्हता. बा सारखं म्हणत होत्या, "मैंने तो उसको मम्मी दिखाने को बिठाया था." आईने त्याचं सगळं अंग चाचपून पाहिलं. भाजलं नव्हतं, मोडलं नव्हतं. ती त्याला हाका मारत होती आणि तो तिच्या ओठांकडे पाहत होता. त्याला ऐकू येत नव्हतं.

बाबा आल्यावर त्याला भाईंदरच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा घालून पाहिलं. पडद्यांना इजा झाली होती. पडदे आपोआप भरून येतात, म्हणाले, पण ऐकू किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही. पाणी जाऊ द्यायचं नाही, औषध वेळेवर द्यायचं आणि वाट पाहायची.

पुढचे दिवस मला अजून आठवतात ते शांततेसाठी. हवा एकदम पालटली. उत्तरेचा वारा सुरू झाला, पहाटे चादर ओढावीशी वाटायला लागली, आभाळ धुतल्यासारखं निळं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, किती छान हवा पडलीय. आमच्या घरात मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, जणू त्याला ऐकू जात नाही म्हणून आम्हीही आवाज करायचा नाही असं ठरलं होतं. भाऊसुद्धा बोलेनासा झाला होता. हवं ते बोटाने दाखवायचा. आई त्याच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवायची, ताटावर चमचा आपटायची. तो वळायचा नाही. संध्याकाळी दिवा लावला की मला रडू यायचं. ते मी गिळायचे.

आणि रोज दुपारी तीनला आई मागच्या खिडकीत जाऊन उभी राहायची. खिडकी उघडी, प्लग लावलेले. पूर्वेकडे पाहत राहायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, ढग येतात का म्हणून घाबरून पाहतेय. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"एकदा गडगडायला हवं," ती म्हणाली. "मोठ्यांदा. तेवढं तरी त्याला कळेल."

विजेला भिणारी माझी आई विजेची वाट पाहत होती आणि ढगाचं चिन्ह नव्हतं. त्या क्षणी मला तिचीच भीती वाटली.

मग मी ते बोलले, जे इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणाले, मी रस्त्याने आले असते तर तू त्याला सोडून गेली नसतीस. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी त्याला घरात ठेवलं, कारण घरात सुरक्षित असतं असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते. हे तू नाही ग केलंस. पण बांधावरून परत जाऊ नकोस."

तिने मला जवळ घेतलं नाही की समजूत काढली नाही. खिडकी लावून ती तांदूळ धुवायला गेली.

भाऊबीज आठवड्यावर आलेली असेल. एका सकाळी आईने कुकर लावला होता आणि ती मोरीत कपडे घासत बसली होती. मी फराळाच्या डब्यांना लेबलं चिकटवत होते. भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गाडी फिरवत होता. तोंड दुसरीकडे. तो गाडीशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तीन झाल्या."

मला आधी कळलंच नाही. आई मोरीतून तशीच साबणाच्या हातांनी आली. "काय झाल्या?" तिने त्याच्या पाठीमागूनच विचारलं, अगदी हळू.

"शिट्ट्या," तो म्हणाला, न वळता.

आईने गॅस बंद केला आणि ती ओट्याला धरून उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पलीकडे बांच्या घरात बातमी मीच नेली. बा देवासमोर बसल्या होत्या, तिथून उठल्या नाहीत, फक्त दोन्ही हात वर केले.

डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान चांगला आलाय, उजवा थोडा मागे राहील. तसंच झालं. आजही तो टेबलाशी बसताना सगळे आपल्या डावीकडे येतील असा बसतो आणि ऑफिसातल्या लोकांना वाटतं ही त्याची लहर आहे.

दिवाळीला बाबांनी फटाके आणले नाहीत. पहाटे खाली मुलांनी लवंगी लावल्या. भाऊ उटण्याच्या अंगाने गॅलरीत धावला, डावा कान बाहेरच्या बाजूला करून उभा राहिला आणि प्रत्येक आवाजाला हसू लागला. आई त्याच्यामागे टॉवेल घेऊन उभी होती. प्रत्येक आवाजाला ती दचकत होती. पण तिने त्याला आत घेतलं नाही.