मामांचा दिवाणखाना

माझ्या बायकोच्या मामांइतका घरावर जीव असलेला माणूस नवी मुंबईत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचं घर इतकं लहान नसेल. सानपाड्याला त्यांची वन रूम किचनची जागा होती. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. यंत्रांची ड्रॉइंगं काढता काढता त्यांना घरांचं वेड लागलं, आणि ते वेड त्यांनी भागवलं रद्दीवाल्यांकडे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घर कसं सजवावं हे शिकवणारी पुस्तकं निघत असत, ती मामा जमवायचे. पानं बिस्किटाच्या रंगाची झालेली, हात लावला की कोपरा तुटणारी. मुखपृष्ठावर हमखास एक हसरी बाई फुलदाणीत फुलं लावत असायची, आणि छापखान्याच्या कृपेने तिच्या ओठांचा लाल रंग घसरून गालावर आलेला असायचा.

ती पुस्तकं ज्या घरांसाठी लिहिली होती त्यांना व्हरांडा असे, दिवाणखाना असे, पाहुण्यांची वेगळी खोली असे, मागे बाग असे. मामांचं अख्खं घर त्यातल्या व्हरांड्यात मावलं असतं. पण मामांनी एकही प्रकरण वाया जाऊ दिलं नाही. सगळ्या खोल्या त्यांनी त्या एका खोलीत बसवल्या होत्या. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची मावत होती, ती अभ्यासिका. दारामागची जागा म्हणजे प्रवेशकक्ष. "जावईबापू, इथे नको, दिवाणखान्यात बोलू," असं ते म्हणाले की मी फक्त वळून बसायचो. एका पुस्तकात टेलिफोनसाठी उंच तिवई आणि तिच्यावर विणलेला रुमाल सांगितला होता. मामांनी तशी तिवई करून घेतली आणि तिच्यावर आपला मोबाइल ठेवला. फोन आला की ते उठून तिवईपाशी जात आणि उभ्याने बोलत. बाहेर जाताना फोन घरीच. आम्ही तक्रार केली तर म्हणाले, "फोन घराचा असतो, माणसाचा नसतो."

पाहुण्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये, असा आणखी एक नियम होता. ऊन सरकलं की मामा तुमची खुर्ची सरकवायचे, तुमच्यासकट. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी रिडेव्हलपमेंटच्या संमतीसाठी बसले होते. बोलणं लांबलं, आणि उठायची वेळ झाली तेव्हा ते पार मोरीच्या दाराशी पोहोचले होते. आमच्याकडे आले की मामा भिंतीवरची चित्रं खाली घ्यायचे. त्यांच्या मते चित्र बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवं. मी म्हटलं, "उभ्याने पाहणाऱ्याचं काय?" तर शांतपणे म्हणाले, "उभा माणूस निघालेलाच असतो हो. चित्र बसणाऱ्यासाठी."

मामी हे सगळं हसून सोसायच्या. फक्त एकदा पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकातल्या बाईच्या हातात नेहमी फुलं असतात. तिच्याकडे लाटणं कुणाच्या हातात असतं, ते छापलंय का कुठे?" मामांनी ते थट्टेवारी नेलं नाही. सगळी पुस्तकं पुन्हा चाळली, आणि उत्तर सापडलं नाही म्हणून त्या दिवसापासून संध्याकाळच्या पोळ्या स्वतः करायला लागले. शेवटच्या आजारपणात मामी त्यांच्याच हातच्या पोळ्या जेवल्या.

मामी गेल्यावर वर्षभरात बिल्डिंग पाडायचं नक्की झालं, आणि मुलीने, स्मिताने, मामांना उलव्याला आपल्याकडे नेलं. स्मिताचा फ्लॅट नवाकोरा, एअरपोर्टच्या अंगाला, इंटिरिअर डिझायनरकडून करून घेतलेला. भिंती राखाडी, दारं राखाडी, सोफा राखाडी, कपाटांना मुठीसुद्धा नाहीत, भिंत दाबली की कपाट उघडायचं. नेताना तिने एकच अट घातली. "बाबा, पुस्तकं सगळी आणा. पण फक्त वाचायची. घराला हात लावायचा नाही." मामांनी ती मान्य केली आणि काही महिने पाळलीही. आम्ही भेटायला गेलो तर मुकाट बसून असत. चित्र छताजवळ टांगलेलं होतं, त्याकडे ते पाहायचेसुद्धा नाहीत. बायको परतताना म्हणाली, "मामा संपत चाललेत रे."

त्या घरात आणखी एक माणूस मुकाट बसून असे. स्मिताच्या सासूबाई. साताऱ्याकडच्या खेड्यातून मुलाकडे आलेल्या. काचबिंदूने नजर बरीच गेलेली, उरलेली धूसर. सोफ्याच्या एका टोकाला त्या दिवसभर बसायच्या, आणि सगळ्यांना वाटायचं की त्यांचा स्वभावच तसा. दुपारी घरात हे दोघेच. मामांच्या लक्षात आलं की त्या उठल्या की भिंत चाचपत जातात, दार सापडेपर्यंत दोनदा थांबतात, आणि कुणी पाहत असेल तर उठतच नाहीत. एक दिवस त्यांनी विचारलं, "विहीणबाई, चहा तुम्ही का नाही करत? तुम्हाला आवडतो."

"काय सांगू, भाऊ," त्या म्हणाल्या. "घर समदं एकाच रंगाचं हाय. भिंत कुठं संपती आन् दार कुठं लागतं, मला कळंना. गावाकडं चौकट निळी हुती, तेवढी दिसायची. हितं पोरांनी हौसेनं केलंय, मी कसं बोलू?"

मामा त्या दुपारी पिवळ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन आले. त्यांच्या एका पुस्तकात जिथे हात जातो तिथे रंग उठून दिसावा, असं होतं. त्यांनी सासूबाईंच्या खोलीची चौकट रंगवली, बाथरूमची रंगवली, स्वयंपाकघराची रंगवली. मुठी नसलेल्या कपाटांवर हाताच्या उंचीला एकेक ठिपका दिला. गॅसच्या ओट्याची कडाही सोडली नाही.

स्मिता ऑफिसातून आली आणि दारातच उभी राहिली. पुढचं मला तिनेच सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मी एकच गोष्ट मागितली होती." मामांच्या हातात ब्रश तसाच होता. ते म्हणाले, "चुकलंच माझं. टर्पेंटाइन आणून ठेवलंय, उद्या सगळं काढतो. आणि तुला जड होत असेल तर मी भाड्याने कुठेतरी खोली बघतो." स्मिताने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. दिवसभराचा शीण, त्यात हे. मग सासूबाई सोफ्यावरून उठल्या. भिंतीला न शिवता त्या सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या, ओला रंग लागू नये म्हणून पदर आवरला, आणि आतून त्यांचा आवाज आला, "स्मिता, बस जरा. च्या टाकते."

त्या घरात आल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला चहा. स्मिता म्हणाली, "साखर फार झाली होती. मी सगळा प्यायले." टर्पेंटाइनची बाटली अजून तिथेच, सिंकखाली आहे.

परवा आम्ही उलव्याला गेलो होतो. वाटेत सानपाड्याला थांबलो, तर मामांच्या बिल्डिंगच्या जागी पत्रे लावले होते, पत्र्यांआड खड्डा होता. मामांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "घर लावायचं कसं, ते सगळ्यांनी लिहिलंय. सोडायचं कसं, ते एकानेही नाही लिहिलं." तेवढ्यात सासूबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आजचं वाचा की." दुपारचा त्यांचा तो क्रमच झाला आहे, असं कळलं. मामा मोठ्याने वाचतात आणि त्या डोळे मिटून ऐकतात. दोघांच्याही नशिबी कधी न आलेल्या घरांमधून रोज थोडं थोडं हिंडतात.

त्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीचं प्रकरण होतं. पलंग कुठे, आरसा कुठे, पाण्याचा तांब्या कुठे. मध्येच सासूबाईंनी विचारलं, "खिडकी हाय का तितं?"

"आहे. पूर्वेला."

"काय दिसतं त्यातनं?"

मामांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. पुस्तकात ते नव्हतं. मग त्यांनी पुस्तक मांडीवर मिटलं आणि सांगायला लागले. खाली सोनमोहराचं झाड आहे, फुलं पडली की स्कूटरच्या सीटा पिवळ्या होतात. समोरच्या गॅलरीत एक बाई रोज त्याच वेळी केस विंचरते. त्यापलीकडे लोकलगाड्यांची शेड, आणि तिच्यावर बसलेले बगळे.

ती सानपाड्याची खिडकी होती. मी बायकोकडे पाहिलं, तिनेही ओळखलं होतं. सासूबाई मान डोलवत ऐकत होत्या. "बरी हाय खोली," त्या म्हणाल्या. "अजून सांगा."