निर्जळी गुरुवार आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली

त्या सकाळी मी दत्तगुरूंवर रागावून घराबाहेर पडले होते, हे आधीच कबूल करते. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहतो. यजमान मंत्रालयात नोकरीला, मी घरी, आणि अकरा वर्षांची आमची ऋचा. पाच महिने झाले, तिचं पोट दुखत होतं. शाळेची बस दिसली की पोट धरून खाली बसायची. कशीबशी पाठवली, तर दुपारच्या आत शाळेतून फोन. औषधं झाली, सोनोग्राफी झाली, सगळं बिल्कुल नॉर्मल. मग मी माझ्या परीने उपाय केला. गुरुवारचा उपास माझा लग्नाआधीपासूनचा. तो निर्जळी केला, वर सोमवारही धरला. पोरीचं दुखणं उलट वाढलं. शेवटी शाळेने कळवलं, हजेरी अशीच राहिली तर वर्ष वाया जाईल. तेव्हा देव्हाऱ्यापुढे उभी राहून मी चक्क विचारलं, आता आणखी किती उपाशी राहू?

तोही गुरुवारच होता. मोठ्या सरकारी रुग्णालयात पोटाच्या डॉक्टरांच्या रांगेत आम्ही उभ्या होतो. आमच्या पुढे नजफगढकडची एक म्हातारी होती, सुती ओढणी डोक्यावर घेतलेली. स्वतःच्या अ‍ॅसिडिटीचं औषध न्यायला आली होती. तिने ऋचाकडे बराच वेळ पाहिलं, मग मला सगळं खोदून खोदून विचारलं. सुट्टीच्या दिवशी दुखतं का, हेही विचारलं. नाही दुखत, असं मी म्हणाले आणि माझी मीच चपापले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बहनजी, मेरी पोती का भी साल भर पेट ही दुखा था. ऊपर चलो, बच्चों के मन के डॉक्टर बैठते हैं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. माझी मुलगी काय वेडी आहे? असल्या विभागात आपल्याला कुणी ओळखीचं पाहिलं तर कॉलनीत काय तोंड दाखवायचं? पण म्हातारीने माझी पिशवी खांद्याला लावलीसुद्धा! मुलांचा तो दवाखाना आठवड्यातून एकदाच, गुरुवारी सकाळी असतो, आणि अकराला कार्ड काढणं बंद होतं, असं ती चालता चालता सांगत होती. घड्याळात अकराला सात मिनिटं कमी. मग काय, धावलो! ती पुढे, मागे ऋचा, तिच्यामागे पदर खोचून मी. लिफ्टला गर्दी म्हणून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढलो. खिडकीवरचा माणूस रजिस्टर मिटत होता. म्हातारीची नात तिथेच बाकावर नंबराची वाट बघत बसली होती. तिचं कार्ड दाखवून म्हातारीने त्याला अशी काही गळ घातली, की त्याने मुकाट्याने ऋचाचं नाव लिहिलं.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ऋचाला विचारलं, उत्तर मी दिलं. दुसरं विचारलं, तेही मीच दिलं. तिसऱ्या प्रश्नाला त्या हसून म्हणाल्या, "मम्मीजी, आप थोड़ी देर बाहर बैठिए." पाच महिने ज्या पोरीला मी पळभर सोडलं नव्हतं, तिचा हात सुटता सुटेना. बाहेर बाकावर बसून नाम घ्यायला लागले, तर तेही जमेना. शेवटी म्हटलं, महाराज, मला काही कळत नाही, तुम्हीच बघा. इतक्या वर्षांत असं मी पहिल्यांदाच म्हटलं. नेहमी काय करायचं ते मीच त्यांना सांगत आले होते.

अर्ध्या-पाऊण तासाने मला आत बोलावलं. ऋचाला विचारूनच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी एका गुरुवारी मी उपाशीपोटी ओट्यापाशी चक्कर येऊन पडले होते. पाच मिनिटांत उठले, "काही नाही गं," म्हणाले आणि विसरूनही गेले. ती विसरली नव्हती. आपण शाळेत असताना आई पुन्हा पडली तर तिला पाणी कोण देईल, हे मनात आलं की तिच्या पोटात कळ यायची. आणि मी वेडी, तिचं पोट दुखायचं थांबावं म्हणून पाणीही सोडून बसले होते!

मी तिथेच ढसाढसा रडले. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं हो. सापडलं, सापडलं, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. पुढे बरेच गुरुवार आम्ही त्या जिन्याने चढलो. पोटदुखी एका दिवसात थांबली नाही, हळूहळू थांबली. ऋचाचं वर्ष वाचलं. त्या म्हातारीला महाराजांनी पाठवलं की ती आपली आपणच आली होती, हा वाद मी कुणाशी घालत नाही. दोघांनाही मी मनोभावे नमस्कार करते. आपण हट्टाने जे देत बसतो, ते देवाला हवंच असतं असं नाही, एवढं मात्र मला कळलं.

त्या दिवशी बाहेर आलो तेव्हा म्हातारी नातीबरोबर बाकावर डबा उघडून बसली होती. तिने मेथीचा पराठा माझ्यापुढे धरला. उपास आहे, हे शब्द ओठांवर आले होते. मी मनातल्या मनात महाराजांची क्षमा मागितली आणि घास घेतला. ऋचा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गिळेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "आई, अजून एक खा ना."

मी खाल्ला.