ब्रेकच्या दिवशी

त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. एवढं एक वाक्य मी पंचवीस-सव्वीस वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. कागदोपत्री मी त्या दिवशी नव्हतो, आणि त्या कागदाच्या आड मी असा गप्प उभा राहिलो की मला तिथे शोधायला कुणी आलंच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हैदराबादेत काचेच्या दारांची खाजगी हॉस्पिटलं उघडत होती आणि आमच्या सरकारी दवाखान्यात भरती बंद झाली होती. एखादा माणूस रिटायर झाला की त्याची जागा रिकामीच राहायची, काम मात्र कंत्राटी माणसाच्या गळ्यात पडायचं. मी तसा कंत्राटी लॅब टेक्निशियन. थुंकीच्या स्लाइड रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली टीबीचे जंतू दिसतात का ते बघायचं. आमची ऑर्डर एकोणनव्वद दिवसांची असे. नव्वदाव्या दिवशी ब्रेक. सलग नोकरी झाली असं दिसू नये, उद्या कुणी कायम करा म्हणून हक्क सांगू नये, यासाठी एक दिवस आम्हांला कागदावरून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर हातात द्यायचे.

रोगी काही ब्रेक घेत नसत. सकाळी आठलाच खिडकीपुढे रांग. त्यामुळे ब्रेकच्या दिवशीही आम्ही यायचोच. फक्त हजेरीवर सही करायची नाही आणि रजिस्टरमध्ये आपलं अक्षर उमटू द्यायचं नाही. मी स्लाइड बघून निकाल चिठ्ठीवर लिहायचो. दुपारी आमचे सीनियर ती चिठ्ठी आपल्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवायचे आणि खाली सही ठोकायचे. साऱ्या दवाखान्याला हे ठाऊक होतं, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे सीनियर पर्मनंट होते, पन्नाशीला आलेले, जुन्या शहरात राहणारे. मी त्यांना भाई म्हणायचो. माझ्या पहिल्याच ब्रेकला मला दारात बघून ते ओरडले, "अरे, ये कौन आया? इसका तो आज इंतकाल हो गया ना कागज पे!"

"मुर्दे को चाय मिलती क्या, भाई?"

"मिलती मियाँ, कायकू नै मिलती. मगर मुर्दा कुर्सी पे नै बैठता. खडे खडे पीना."

खुर्ची मला एरवीही नव्हतीच. पण दिवसभरात माझ्याशी काम सोडून दोन शब्द बोलणारे ते एकटेच. चहाच्या मंडळात कंत्राटी माणसाचं नाव घेत नसत. कुणाच्या निरोप समारंभाचा फोटो निघायचा तेव्हा हेडक्लार्क म्हणायचा, "पर्मनंटवाले आगे आजाओ," आणि आम्ही तिघे-चौघे भिंतीशी सरकायचो. आईवडील थोरल्या भावाकडे उदगीरला गेले होते. जामबागच्या मराठी शाळेतली माझ्या वर्गातली मुलं कॉम्प्युटर शिकून पुण्याला, कुणी अमेरिकेला गेली होती. मी गौलीगुड्यात एका खोलीत राहायचो. रविवारी कुणाशी न बोलता दुपार झालेली असायची आणि पानवाल्याला काही मागताना आवाज फाटल्यासारखा निघायचा.

तर तो ब्रेकचा दिवस. स्लाइड पुष्कळ होत्या. सात नंबरच्या स्लाइडला रंग नीट चढला नाही, म्हणून मी ती बाजूला काढून पुन्हा रंगवली आणि वाळल्यावर ट्रेमध्ये आठच्या मागे ठेवली. चिठ्ठी लिहिताना काचेवर कोरलेला नंबर बघायला हवा होता. मी ट्रेमधल्या क्रमानेच लिहीत गेलो. रजिस्टर माझ्या हातात असतं तर प्रत्येक नावापुढे लिहिताना नंबर ताडून बघितला असता, असं मी मनाला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरंही असेल. पण स्लाइड माझ्या हातात होती.

भाईंनी उतरवून घेतलं, सही केली, चिठ्ठी फाडून टाकली. सात नंबरचा माणूस कोठी भागातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायचा. त्याला टीबी होता. त्याला काही नाही म्हणून घरी पाठवलं. आठ नंबरच्या कॉलेजच्या मुलीला काही नव्हतं. ती गोळ्या खात राहिली. दोन महिन्यांनी पुस्तकवाला रक्त ओकत परत आला. जगला तो, पण एक फुप्फुस कामातून गेलं. त्याच्या भावाने तक्रार केली. पेटीतून जुन्या स्लाइड काढल्या. काचेवरचे नंबर बरोबर होते, रजिस्टर चुकीचं होतं, आणि रजिस्टरमधलं अक्षर भाईंचं होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी मागच्या खोलीत काचा धूत होतो. त्यांनी दार लोटलं.

"मियाँ, कल साब पूछेंगे. मैं बोलूँ की मेरा शागिर्द पढा, तो तेरी नोकरी जाती. नै बोला, तो मेरे पे आती. तू बोल, क्या बोलना. तू जो बोलेगा मैं वोच बोलता."

माझी नवी ऑर्डर येऊन चारच दिवस झाले होते. नळ चालू होता. त्यांच्याकडे न बघता मी म्हणालो, "मैं तो उस दिन थाच नै, भाई."

ते "हौ" म्हणाले, अगदी हळू, आणि गेले.

चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला कुणी बोलावलंही नाही. आधी ते सस्पेंड झाले, मग त्यांना लांबच्या एका जिल्ह्यात पाठवलं. सुपरवायझरची जागा त्यांची होणार होती, ती गेली. मुलींच्या शाळेमुळे घरचे इथेच राहिले आणि भाई त्या वयात तिथे खोली घेऊन एकटे राहू लागले. चार वर्षांनी तिथूनच त्यांनी नोकरी सोडल्याचं कळलं. त्यांच्या टेबलावर मला बसवलं. खुर्चीसकट.

आता त्याहून वाईट सांगतो. पुढे आम्ही कंत्राटी लोकांनी मिळून कोर्टात केस केली. आमचं म्हणणं एकच होतं: ब्रेक खोटे आहेत, त्या दिवशीही आम्ही काम केलं आहे. वकिलीणबाईंनी प्रत्येकाकडून ब्रेकच्या दिवसांची यादी मागितली. माझ्या डायरीत सगळ्या तारखा होत्या.

"यातल्या प्रत्येक दिवशी काम केलंत ना? शपथेवर आहे बघा."

"एक दिवस नव्हतो," मी म्हणालो. "तब्येत बरी नव्हती."

"बरं झालं सांगितलंत. तेवढी खोडू या."

त्यांनी ती तारीख खोडली आणि मी खाली सही केली. आम्ही जिंकलो. मी पर्मनंट झालो.

भाई मला एकदाच भेटले, कोठीला, एका औषधाच्या दुकानाबाहेर. खूप वाळले होते. मीच आधी ओळख दाखवली, कारण चुकवायला वाट नव्हती.

"पक्के हो गए सुना," ते म्हणाले.

"हौ, भाई."

"अच्छा हुआ. एक का तो हुआ."

टोमणा होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली. मी घाईत असल्याचं सांगितलं आणि खरोखरच घाईघाईने चालत सुटलो. घरी बायकोने विचारलं, कोण भेटलं? म्हटलं, जुने एक सीनियर. तिने भाजी वाढली. आमच्या घरात मी कमी बोलतो हे तिने कधीचंच मान्य केलं आहे. तिला वाटतं माझा स्वभावच तसा.

माझ्या नोकरीची तीन वर्षं उरली आहेत. भाई हयात आहेत, त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे, आणि त्यांच्या सर्व्हिस बुकात निष्काळजीपणाचा शेरा अजून तसाच आहे. त्या दिवशी मी कामावर होतो आणि सात-आठची अदलाबदल मी केली, असं तारखेसह लिहून, खाली सही करून, एक कागद ऑफिसला आणि एक त्यांच्या हातात मला द्यायचा आहे. अजून दिलेला नाही.